क्षमा मागण्याआधी दोष पदरी घ्या

वाचकाचं पत्र (थोडक्यात) : ताई, मी मंडळीत नियमित येतो, उपासनेत गायनाची सेवा करतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीनं मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे विश्वासानं माझ्याकडे ठेवायला दिले होते. एका मित्राच्या सांगण्यावरून ते शेअर बाजारात गेले आणि बाजार पडल्यामुळे बुडाले. तिला काळजी वाटू नये म्हणून काही महिने ‘मुदत ठेवीत आहेत’ असं सांगावं लागलं. खरं कळल्यावर तिनं बोलणं तोडलं. मी देवासमोर रडून क्षमा मागितली. सैतानानं मला घेरलं होतं आणि प्रभूनं सोडवलं, अशी प्रार्थनासभेत साक्षही दिली. आमच्या वडिलांचा हातही पैशाच्या बाबतीत सैलच होता, तेव्हा हे रक्तातच असावं. देवानं मला क्षमा केली, मग बहीण ख्रिस्ती असूनही का करत नाही? ‘साताच्या सत्तर वेळा’ हे तिला कोण सांगणार? ती तुमचं सदर वाचते. तिला समजेल असं काहीतरी लिहा.

प्रिय बंधू,

प्रभूमध्ये सलाम. तुमचं पत्र मी सावकाश, दोनदा वाचलं. बहीण दुरावल्याचं दुःख त्यात खरं आहे. पण बहिणीला समजावणारं काही मी लिहिणार नाही. पत्र तिनं लिहिलेलं नाही, तुम्ही लिहिलंय, आणि या प्रकरणात जे व्हायचं राहिलंय त्यातलं बहुतेक तुमच्या हातात आहे. पुढचं वाचताना वाईट वाटेल. तरी शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

तुमच्या पत्रात सेवा तुम्ही करता, साक्ष तुम्ही देता, रडून क्षमा तुम्ही मागता. मात्र पैसे बाजारात ‘गेले’ आणि ‘बुडाले’, आणि खोटं ‘सांगावं लागलं’. जिथे नुकसान झालं तिथे करणारा कुणीच दिसत नाही. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी मोशेचा भाऊ अहरोन असाच बोलला होता. लोकांकडून सोनं त्यानं मागून घेतलं, कोरणीनं घडवून त्याचं वासरू त्यानंच केलं. मोशेनं जाब विचारला तेव्हा मात्र तो म्हणाला, मी सोनं अग्नीत टाकलं आणि हे वासरू बाहेर आलं. निर्गमाच्या 32व्या अध्यायात दोन्ही गोष्टी आहेत, त्यानं काय केलं तेही आणि त्यानं काय सांगितलं तेही. तुमच्या बहिणीलाही दोन्ही माहीत आहेत. तुम्ही काय केलंत ते तिनं सोसलंय, आणि तुम्ही काय सांगता ते ती ऐकतेय. त्या दोन्हींत जे अंतर आहे, त्यामुळे ती बोलत नसावी असं मला वाटतं.

आधी त्या मुदत ठेवीचं बोलू, कारण माझ्या मते सगळ्यात दुखरी जागा ती आहे. पैसा बुडवणं ही एक चूक. तो सुरक्षित आहे असं महिनोन् महिने सांगत राहणं ही दुसरी, आणि ती पहिलीहून मोठी आहे. शेअर घेताना तुम्हाला फायद्याची आशा असेल, बहिणीचं भलं होईल असंही वाटलं असेल. पण ‘मुदत ठेवीत आहेत’ म्हणताना तसं नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. तिला काळजी वाटू नये म्हणून असं तुम्ही लिहिता. मला विचाराल तर त्या दिवसांत काळजीपासून तुम्ही स्वतःलाच वाचवत होतात. तिला वेळेवर कळलं असतं तर मुलीसाठी काही दुसरी सोय तिनं पाहिली असती. ती संधीही तिच्या हातून गेली. हे प्रभूसमोर शांतपणे बसून तपासा. माझं चुकत असेल तर तो तुम्हाला दाखवेल.

आता मित्र, वडील आणि सैतान. तिघांचाही उल्लेख तुम्ही केला आहे, म्हणून तिघांबद्दल लिहिते.

मित्राबद्दल फार लिहायची गरज नाही. सल्ला त्याचा होता, पैसे त्याच्याकडे दिलेले नव्हते. त्याच्या सल्ल्याचा हिशेब तो देवाला देईल.

वडिलांची गोष्ट जरा वेगळी. घरातल्या सवयी मुलांत उतरतात हे खरं आहे आणि पवित्र शास्त्रही ते नाकारत नाही. बाबेलच्या बंदिवासात असलेले इस्राएल लोक एक म्हण वापरत: बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. त्यांची तक्रार पोकळ नव्हती. आधीच्या पिढ्यांच्या पापांचे परिणाम ते खरोखर भोगत होते. तरीही यहेज्केलाच्या 18व्या अध्यायात देव म्हणतो की ही म्हण यापुढे तुमच्यात चालणार नाही, जो जीव पाप करील तोच मरेल. त्याच अध्यायात एका मुलाचं वर्णन आहे. तो बापानं केलेली सगळी पापं पाहतो, आणि पाहून तसं करत नाही. वडिलांचा सैल हात तुम्हीही पाहिला होता. त्या पाहण्यानं तुम्हाला सावध करता आलं असतं. तुमच्या बहिणीनंही तोच हात पाहिला, त्याच घरात. तिनं मात्र मुलीसाठी पै पै साठवली.

आणि सैतान. तो मोहात पाडतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. एदेन बागेत हव्वा म्हणाली, सापानं मला भुरळ घातली. यात खोटं काहीच नव्हतं. देवानं सापाला शापही दिला. पण ‘तू हे काय केलंस?’ हा प्रश्न देवानं तिला विचारलाच, आणि त्या प्रश्नातून तिची सुटका झाली नाही. नव्या करारातला याकोब आपल्या पत्रात लिहितो की प्रत्येक माणूस आपल्याच वासनेनं ओढला जाऊन मोहात पडतो. संत ऑगस्टीन इसवी सन 354मध्ये जन्मला आणि तरुणपणी सुमारे नऊ वर्षं मानी पंथात होता. माणसाच्या आत प्रकाश आणि अंधार अशी दोन तत्त्वं झगडतात, आणि वाईट जे घडतं ते अंधाराकडून, अशी त्या पंथाची शिकवण. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्यानं स्पष्ट लिहून ठेवलं की पाप मी करत नाही, माझ्यातलं दुसरं कुणीतरी करतं, असं मानणं तेव्हा माझ्या अभिमानाला सुखावत होतं. इतकी वर्षं लोटली तरी मंडळीतल्या साक्षींमध्ये हा सूर मला ऐकू येतो आणि त्याची मला फार काळजी वाटते. सगळं जर सैतानानंच केलं असेल, तर पश्चात्ताप कुणी करायचा?

साक्षीबद्दल म्हणूनच थोडं कठोर लिहिते. तुम्ही जी साक्ष दिलीत ती ऐकून लोकांनी ‘आमेन’ म्हटलं असेल, कुणाच्या डोळ्यांत पाणीही आलं असेल. पण ज्या व्यक्तीचं नुकसान झालं ती तिथे होती का? तुम्ही साक्ष देणार आहात हे तिला ठाऊक तरी होतं का? शौल राजाचं आठवा. अमालेक्यांविरुद्धच्या मोहिमेत सगळं नष्ट करण्याची देवाची आज्ञा त्यानं मोडली. संदेष्टा शमुवेलानं त्याला धारेवर धरलं तेव्हा मेंढरं लोकांनी राखून ठेवली, असं तो आधी म्हणाला. मग म्हणाला, मी पाप केलं आहे, पण मी लोकांना भ्यालो. आणि शेवटी काय मागितलं? माझ्या लोकांच्या वडील जनांसमोर माझा मान राख. ‘मी पाप केलं’ हे शब्द त्याच्याही तोंडी आहेत. पण त्याची नजर लोकांत आपण कसे दिसतो याकडे होती. तुमचा हेतू असाच होता असं मी म्हणत नाही, तो देव जाणतो. तरी मंडळीसमोर बोलणं तुम्हाला सोपं गेलं आणि बहिणीसमोर अजून जमलेलं नाही, हे तुमच्याच पत्रावरून दिसतं.

खरी कबुली कशी असते ते पाहायचं तर मी बहुतेकांना दावीदाकडे न पाठवता याकोबाचा मुलगा यहूदा याच्याकडे पाठवते. दावीदाचं 51वं स्तोत्र आपल्याला पाठ असतं. यहूदाची गोष्ट मात्र उत्पत्तीच्या अनेक अध्यायांत विखुरलेली असल्यामुळे सलग वाचली जात नाही.

धाकट्या भावाला, योसेफाला, विकायची कल्पना यहूदाची. भावाला मारून काय फायदा, विकून टाकू, असं तो म्हणाला आणि वीस रुप्यांना सौदा झाला. भावांनी झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाकडे पाठवला: हा तुमच्या मुलाचा आहे का, ओळखा. योसेफ मेला असं तोंडानं ते म्हणालेही नाहीत, बापालाच चुकीचा निष्कर्ष काढू दिला. पुढच्याच अध्यायात यहूदाची विधवा सून तामार येते. तिला आपला धाकटा मुलगा शेला देण्याचं वचन त्यानं पाळलं नव्हतं. म्हणून ती वेश पालटून त्याच्यासमोर आली, आणि तिला न ओळखता तो तिच्यापाशी गेला. ती गरोदर आहे कळताच त्यानं तिला जाळायची आज्ञा दिली. तेव्हा तिनं त्याचीच मुद्रा, गोफ आणि काठी त्याच्यापुढे पाठवली: या कुणाच्या आहेत, ओळखा. यहूदाला तिथे पळवाटा होत्या. तो घरचा कर्ता पुरुष होता, वस्तू चोरीला गेल्या म्हणता आलं असतं, तिनं फसवलं असंही म्हणता आलं असतं आणि ते तर खरंही होतं. तो म्हणाला, ती माझ्यापेक्षा नीतिमान आहे, कारण मी तिला शेला दिला नाही. आपण नेमकं काय केलं नाही ते त्यानं नाव घेऊन सांगितलं, आणि तिनं काय केलं याचा एक शब्दही काढला नाही.

माझ्या वाचनात इथून हा माणूस बदलतो. पुढे दुष्काळात सगळ्यात धाकट्या भावाला, बन्यामीनाला, मिसर देशात न्यायची वेळ येते तेव्हा तो बापाला म्हणतो, मी त्याचा जामीन, त्याला माझ्या हातून मागा. तिथे योसेफ आता मोठा अधिकारी आहे, पण भावांनी त्याला ओळखलेलं नाही. बन्यामीनाच्या गोणीत त्याचा प्याला सापडतो तेव्हा यहूदा पुढे होऊन सांगतो, देवानं आमचा अपराध उघडकीस आणला आहे. प्याला तर त्यांनी चोरलेलाच नव्हता! तो जुन्या अपराधाबद्दल बोलत असावा, असं मला नेहमी वाटतं. मग तो विनवतो, मुलाच्या जागी मला गुलाम म्हणून ठेवून घ्या. हे ऐकल्यावर योसेफाला राहवलं नाही, तो मोठ्यानं रडला आणि त्यानं आपली ओळख दिली.

इथे तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. यहूदानं योसेफाकडे क्षमेचा हक्क सांगितला नाही. योसेफ समोर आहे हे त्याला ठाऊकही नव्हतं. एकेकाळी त्यानं भावाला विकलं होतं, यावेळी भावाच्या जागी त्यानं स्वतःला पुढे केलं. आणि क्षमा मिळाल्यावरही सगळं एका दिवसात सुरळीत झालं नाही. याकोब मिसरात सतरा वर्षं जगला आणि वारला, तेव्हा भाऊ पुन्हा घाबरले की आता योसेफ सूड घेईल. योसेफानं त्यांना धीर दिला, पण ‘तुम्ही माझं वाईट योजलं होतं’ हेही त्याच श्वासात म्हटलं. क्षमा करणाऱ्यानं झालेलं विसरावं किंवा त्याला सौम्य नाव द्यावं, अशी अपेक्षा तिथे नाही.

‘साताच्या सत्तर वेळा’ हे वचन प्रभूनं पेत्राला सांगितलं, आणि पेत्रानं विचारलं होतं ते ‘मी किती वेळा क्षमा करावी’ असं. ते अन्याय सोसणाऱ्यासाठी आहे. अन्याय करणाऱ्यानं ते हातात घेऊन समोरच्याला दाखवायचं नसतं. तुमच्या बहिणीनं क्षमा करावी का? हो, माझा त्यावर विश्वास आहे, आणि प्रभू तिच्याशी त्याबद्दल बोलेल, कदाचित आत्ताही बोलत असेल. पण त्या बोलण्यात तुम्ही मध्ये पडू नका, आणि मलाही पाडू नका. तुमच्यासाठी प्रभूनं जे सांगितलं ते मत्तयाच्या 5व्या अध्यायात आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवून आधी जाऊन समेट करा. तुमच्या बाबतीत ते अर्पण म्हणजे उपासनेतलं गाणं असू शकतं.

आता करायचं काय. लेवीय पुस्तकाच्या 6व्या अध्यायात तुमचंच प्रकरण जवळजवळ जसंच्या तसं आहे. विश्वासानं ठेवायला दिलेल्या वस्तूबाबत कुणी आपल्या माणसाला फसवलं आणि खोटं बोलला, तर त्यानं मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा ज्याचा त्याला द्यावा. केव्हा? ज्या दिवशी तो आपलं दोषार्पण आणील त्याच दिवशी. देवाशी समेट आणि माणसाचा हिशेब तिथे एकत्र बांधले आहेत. जकातदार जक्कयाला हे ठाऊक होतं. तो चौपट द्यायला उभा राहिला, आणि तारण या घराला मिळालं आहे हे प्रभूचे शब्द त्यानंतर आले. परतफेडीनं तारण विकत मिळत नाही, वधस्तंभाखेरीज कशानंच मिळत नाही. पण तारण मिळालेला माणूस दुसऱ्याचे पैसे ठेवून स्वस्थ बसत नाही. तुमच्या पूर्ण पत्रात परतफेडीचा उल्लेख मला कुठेच सापडला नाही. म्हणून पहिलं काम ते. पत्नीबरोबर बसा आणि महिन्याला किती देता येईल ते ठरवा. ते पैसे त्या काळात जिथे ठेवायचे होते तिथे किती वाढले असते तेही धरा. रक्कम लहान वाटली तरी चालेल, हप्ता चुकता कामा नये. बहीण बोलो न बोलो, हप्ता जात राहिला पाहिजे.

दुसरं, तिला पत्र लिहा. फोन नको, अचानक दारात जाणंही नको. पत्र तिला हवं तेव्हा वाचता येतं आणि लगेच काही बोलायची सक्ती होत नाही. पत्र छोटं ठेवा, साधारण असं: “तू विश्वासानं ठेवायला दिलेले पैसे मी तुला न विचारता शेअर बाजारात लावले आणि बुडवले. त्यानंतर ते मुदत ठेवीत आहेत असं मी तुला खोटं सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यामुळे मुलीच्या शिक्षणाचं नुकसान झालं आणि तुझा माझ्यावरचा विश्वास गेला. तुला न सांगता मी प्रार्थनासभेत याची साक्ष दिली आणि तीही अर्धीच दिली. हे सगळं मी केलं. या महिन्यापासून मी परतफेड सुरू करतोय. तू उत्तर द्यायलाच हवं असं नाही.” मित्र, वडील, सैतान, बाजार यातलं काहीही त्यात येऊ देऊ नका. ‘पण’ तर एकदाही नको. असं का झालं हे पुढे कधी तिनं विचारलं, तर तेव्हा सांगा. तिनं विचारल्यावर सांगितलं तर तो खुलासा ठरेल, आधीच सांगितलं तर ती सबब होईल. आणि ‘मला क्षमा कर’ असं लिहायचं असेल तर एकदाच लिहा, त्यावर वचनाचा दाखला जोडू नका.

तिसरं, पाळकसाहेबांना भेटून पूर्ण गोष्ट सांगा, मुदत ठेवीसकट. गायनाची सेवा काही दिवस थांबवावी का हे त्यांच्यावर सोडा आणि ते म्हणतील ते माना. प्रार्थनासभेत साक्ष दुरुस्त करायची असेल तर बहिणीची परवानगी आधी घ्या. तिनं नको म्हटलं तर नको.

हे सगळं वाचून तुम्ही आता स्वतःला कोसत बसाल, अशी मला थोडी भीती वाटते. तसं करू नका. प्रभूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कार्योतानंही ‘मी पाप केलं’ म्हटलं आणि रुपये परत नेऊन टाकले. पण ज्यांना त्याच्याशी देणंघेणं नव्हतं अशा याजकांपाशी तो गेला, आणि मग एकटाच निघून गेला. पेत्रानं तर प्रभूला तीनदा नाकारलं होतं. तोही मोठ्या दुःखानं रडला, पण तो बाकीच्या शिष्यांमध्येच राहिला, आणि किनाऱ्यावर प्रभूनं ‘माझ्यावर प्रीती करतोस का’ असं तीनदा विचारलं तेव्हा त्यानं तिन्ही वेळा समोर उभं राहून उत्तर दिलं. योहान लिहितो की आपण आपली पापं पदरी घेतली तर देव विश्वसनीय आणि न्यायी आहे, तो क्षमा करील. त्या आश्वासनावर तुमचा जितका विश्वास आहे, तितकाच माझाही आहे. क्षमा नक्की आहे म्हणूनच तर खरं बोलायची हिंमत करता येते. पित्याजवळ ज्याचा कैवारी उभा आहे, त्याला स्वतःची वकिली करायची गरज उरत नाही.

तुमच्यासाठी, बहिणीसाठी आणि त्या मुलीसाठी मी रोज प्रार्थना करीन. पत्र आणि पहिला हप्ता गेला की मला एक ओळ लिहून कळवा. तिचं उत्तर आलेलं नसलं तरी कळवा.

प्रभूमध्ये तुमची,
ताई